नळाला येणारी गंगा: मुंबईच्या घरात पहिल्यांदाच गंगादशहरा करताना

लग्नानंतरच्या पहिल्याच ज्येष्ठात सुनेने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभं राहून मला हाक मारली. "आई, आजच्या चौकोनात दशहरा प्रारंभ लिहिलंय. दसऱ्याला तर अजून चार महिने आहेत ना?" तिच्या माहेरी हा सण होत नाही. खरं सांगायचं तर मुंबईतल्या कितीतरी मराठी घरांत तो आता कॅलेंडरच्या चौकोनापुरताच उरलाय. त्या वर्षी तिला शेजारी बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. पुढच्या वर्षी बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी विचारायला आल्या. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून काढते आहे. ज्यांनी ही पूजा कधी पाहिलीही नाही, जे वन-बीएचकेत राहतात आणि ज्यांना दशमीला ऑफिस असतं, त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

दसरा वेगळा, दशहरा वेगळा

आश्विनातला दसरा म्हणजे विजयादशमी. ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंतचे दहा दिवस म्हणजे गंगादशहरा. भगीरथाने आपल्या पूर्वजांच्या, सगराच्या साठ हजार पुत्रांच्या उद्धारासाठी तप केलं, शंकराने जटेत झेल घेतला आणि गंगा पृथ्वीवर उतरली, ती तिथी ज्येष्ठ शुद्ध दशमी. म्हणून दशमी हा मुख्य दिवस. ज्यांना दहा दिवस जमतं त्यांनी प्रतिपदेपासून करावं, ज्यांना जमत नाही त्यांनी एकट्या दशमीला करावं. मी स्वतः नोकरीत होते तोवर वर्षानुवर्षं फक्त दशमीच केली.

'दशहरा' म्हणजे दहा पापं हरणारी. ही दहा कोणती ते एकदा नीट वाचाच, कारण त्यात सगळा सण आहे. शरीराने घडणारी तीन: न दिलेलं घेणं, हिंसा आणि परस्त्री-परपुरुषाशी संबंध. वाणीने घडणारी चार: कठोर बोलणं, खोटं बोलणं, चहाडी आणि असंबद्ध प्रलाप, म्हणजे उगाचची वायफळ बडबड. मनाने घडणारी तीन: दुसऱ्याच्या वस्तूची हाव, दुसऱ्याचं वाईट चिंतणं आणि खोट्याचा हट्ट धरून बसणं. दहांपैकी चार एकट्या जिभेची! गंगेसमोर हात जोडताना तिच्याकडे काय वाहून न्यायला द्यायचं, ते हे. आमच्या घरी प्रतिपदेपासून रोज एक पाप फळ्यावर लिहितो आणि तो दिवस तेवढं एक टाळायचं ठरवतो. कठोर बोलण्याच्या दिवशी सकाळी आठ ते साडेआठ, म्हणजे डबे भरायच्या वेळी, खरी परीक्षा असते.

तारीख कशी बघायची

कुठल्याही मराठी पंचांगात किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरात 'दशहरा प्रारंभ' आणि 'दशहरा समाप्ती' अशी नोंद असते. समाप्तीचा दिवस म्हणजे दशमी. २०२४ साली ती १६ जूनला आली, २०२५ साली ५ जूनला.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना चकवते. अधिक महिन्यात आपण सणवार पुढे ढकलतो, पण दशहरा याला अपवाद आहे. ज्येष्ठच अधिक आला तर दशहरा अधिक ज्येष्ठातच करावा, निज म्हणजे त्यानंतरच्या नेहमीच्या ज्येष्ठात करू नये, असं धर्मशास्त्राचे ग्रंथ सांगतात. २०१८ साली असंच झालं होतं, दशमी २४ मेला होती. २०२६ सालीही ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून, त्यामुळे दशमी २५ मेला. "अधिकात कसला सण?" असं कोणी म्हणालं तर पंचांग उघडून दाखवा.

दहा दिवसांत एखाद्या तिथीचा क्षय असेल, म्हणजे पंचांगात ती तिथी गळलेली असेल, तर दिवस नऊच भरतात. अशा वेळी एका दिवशी दोन दिवसांचं करायचं, गोंधळून जायचं नाही. पूजा सकाळची, दुपारच्या आत.

पाणी: इथे जरा थांबून वाचा

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "आमच्याकडे गंगाजल नाही आणि मुंबईत नदीवर जायची सोय नाही, मग पूजा कशी करायची?"

आमच्या लहानपणी गिरगावच्या चाळीत पहाटे नळ यायचा. आधी हवेचा फुस्स आवाज, मग दोन-तीन गचके, मग धार. आजी त्या धारेखाली पहिला तांब्या धरायची आणि भरेपर्यंत पुटपुटायची:

गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति ।
नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु ॥

मग तो तांब्या देवापाशी, आणि त्यानंतर पिंपं, हंडे, कळश्या. 'जलेऽस्मिन्' म्हणजे 'या पाण्यात'. समोर जे पाणी आहे त्यात सात नद्यांनी येऊन राहावं, असं त्यांना बोलावणं आहे. म्हणजे नदीपाशी जाता येत नाही त्याची सोय या श्लोकातच करून ठेवलेली आहे. आजीला हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ती नळालाच गंगा म्हणायची. "गंगा आली गं, उठा!" अशी तिची हाक असायची.

आणि ती चुकत नव्हती, कारण मुंबईच्या नळाला खरोखरच नद्या येतात. शहराला पाणी पुरवणारे जलाशय सात: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. यांतले विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीतच आहेत. विहार १८६० चा, या शहरात नळाने पाणी आलं ते त्याच्यामुळे. तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. वैतरणेवर मोडक सागर झाला १९५७ साली आणि मध्य वैतरणा २०१४ साली. निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं असतं. वैतरणेचा उगम त्र्यंबकेश्वरजवळच्या डोंगरात आहे, म्हणजे गोदावरीच्या शेजारचाच. एकाच भागातल्या डोंगरांतून एक नदी पूर्वेला दक्षिणगंगा म्हणून निघाली आणि दुसरी पश्चिमेला वळली. त्या दुसरीला अडवून मोठमोठ्या नळांतून आपल्या बेसिनपर्यंत आणलंय. पूजेच्या कलशात तुम्ही जे पाणी भरणार आहात ते सह्याद्रीतल्या नदीचंच आहे. त्यामुळे पाण्याची काळजी सोडा. नळाचं पाणी घ्या, श्लोक म्हणा.

गंगाजल असेल तर त्यातले चार थेंब कलशात घाला. जुन्या घरांत देव्हाऱ्यामागे एखादा तांब्याचा गडू असतो. काशीला गेलेल्या कोणा आजी-आजोबांनी आणलेला, तोंड झाळून, म्हणजे धातू वितळवून सांधून, बंद केलेला. यात्रेहून आल्यावर मावंदं, म्हणजे यात्रा पार पडल्याचं जेवण, घालायचं, त्या वेळी या गडूची पूजा व्हायची आणि मग तो घरातल्या कोणाच्या तरी अखेरच्या वेळेसाठी जपून ठेवला जायचा. आमचा गडू लिंबाएवढा आहे. झाळीवर कथलाचा करडा थेंब गोठलेला, पोटाला एक पोचा. कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळल्याचं ऐकू येतं. लहानपणी आम्ही भावंडं आळीपाळीने ते ऐकायचो. असा गडू तुमच्याकडे असला तर दशहऱ्यासाठी फोडू नका. चिंचेने घासून, पुसून, तसाच पूजेत ठेवा. तोच गंगेची मूर्ती.

गडू नसेल आणि गंगाजल हवंच असेल तर टपाल खातं २०१६ पासून गंगाजलाच्या बाटल्या विकतं. मोठ्या पोस्टात चौकशी करा, पण दशमीच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी. रस्त्यावरच्या बिननावाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीपेक्षा नळाचं स्वच्छ पाणी मला केव्हाही जास्त पटतं.

काय काय आणायचं

शास्त्रात सगळं दहाच्या हिशोबात सांगितलंय: दहा प्रकारची फुलं, दहा फळं, दहा दिवे, दहा नैवेद्य, दहा विडे आणि दशांग धूप. यादी वाचून घाबरायचं कारण नाही. दहा प्रकार मिळाले नाहीत तर एकाच प्रकारची दहा फुलं चालतात. आमच्या आजीने कितीतरी वर्षं फक्त मोगऱ्याची दहा फुलं वाहिली.

तरी एकदा तरी दहा प्रकार गोळा करून बघा, मुंबईत ते सहज जमतं. पहाटे दादरला पश्चिमेच्या फुलबाजारात जा, मीनाताई ठाकरे मंडईपाशी. मोगरा, सोनचाफा, गुलाब, झेंडू, शेवंती, निशिगंध, तगर, अबोली, जास्वंद, कमळ: झाले की दहा. जास्वंद आणि तगर बहुधा तुमच्या सोसायटीच्या कुंपणालाच मिळेल, पण विचारून तोडा. दहा पापांतलं पहिलंच पाप 'न दिलेलं घेणं' हे आहे. सोनचाफा घेताना देठाकडे बघा. देठ काळपटला असेल तर फूल आदल्या दिवसाचं. कमळाची कळी घ्या आणि घरी पाकळ्या हाताने उलगडा.

फळांसाठी तर ज्येष्ठासारखा महिना नाही. आंबा, केळी, चिकू, कलिंगड, खरबूज, जांभूळ, जाम, करवंदं, ताडगोळे, फणसाचे गरे. स्टेशनाबाहेर पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसणाऱ्या बायकांकडून घ्या. या बायका जंगलात उतरून, काट्यांत हात घालून ती खुडून आणतात, तेव्हा घासाघीस करू नका. जांभळं पाऊस लांबला तर गोड, पडला तर फुळकट.

बाकीचं घरातलंच: हळद, कुंकू, अक्षता, गंध, कापूर, सुपारी, विड्याची पानं, नारळ, आंब्याचा डहाळा, पांढऱ्या वस्त्रासाठी एखादा पांढरा खण किंवा कापसाचं वस्त्र, आणि काळे तीळ. दिव्यांसाठी मुठीएवढी कणीक हळद घालून घट्ट भिजवा आणि अंगठ्याने दाबून दहा छोटे दिवे करा. कणीक सैल झाली तर दिवा तेलाने पसरतो, म्हणून पाणी हात राखून घाला.

दशमीची सकाळ

ऑफिस असेल तर सहाला सुरुवात करा. साडेसातपर्यंत आरती होते.

पहिलं स्नान. नदीत दहा बुड्या मारायला सांगितल्या आहेत. घरी त्याऐवजी दहा तांबे घ्या. बादली भरा, गंगाजल असेल तर दोन थेंब टाका, पाण्यावर उजवा हात ठेवून वरचा श्लोक म्हणा आणि मग एकेक तांब्या डोक्यावरून घ्या. दहा पापांची नावं पाठ असतील तर एकेका तांब्याला एकेक म्हणा. माझा मुलगा लहानपणापासून तसंच करतो. एक बादली पुरते. त्या दिवशी शॉवर नको. २०२४ साली दशहऱ्याच्या आधीच महापालिकेने दहा टक्के पाणीकपात लागू केली होती. दर ज्येष्ठात तलावांची पातळी तळाला गेलेली असते, पेपरात रोज आकडे येतात. नदीचा सण आणि नळ उघडा, हे एकत्र जात नाही.

मग मांडणी. पाट ठेवा, त्यावर धुतलेलं वस्त्र, वस्त्रावर तांदळाची रास. राशीवर तांब्याचा कलश, त्यात नळाचं पाणी, हळद-कुंकू, एक सुपारी, एक नाणं. तोंडाशी आंब्याची पानं किंवा विड्याची पाच पानं, वर नारळ. गडू असेल तर कलशाच्या उजव्या हाताला. गंगेची तसबीर असली तर मागे टेकवा. नसली तर मुद्दाम विकत घ्यायची गरज नाही. गंगेचं रूप शुभ्र वस्त्राचं, चार हातांचं, मगरीवर बसलेलं वर्णन केलंय. आमच्याकडे मुलं पाटासमोर रांगोळीने मगर काढतात, दरवर्षी वेगळ्याच प्राण्यासारखी दिसते आणि आम्हाला ती फार आवडते.

आता संकल्प. संस्कृत येत नसेल तर मराठीत म्हणा. हातात पळीभर पाणी आणि अक्षता घ्या, आपलं नाव, गोत्र माहीत असेल तर गोत्र, राहण्याचं ठिकाण, आजची तिथी सांगा आणि म्हणा: "माझ्या हातून शरीराने, वाणीने, मनाने घडलेल्या दहा प्रकारच्या पापांच्या क्षयासाठी मी गंगेची पूजा करतो आहे." पाणी ताम्हनात सोडा. झाला संकल्प.

पुढची पूजा कुठल्याही पंचोपचार पूजेसारखी: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. प्रत्येक उपचाराला एकच मंत्र म्हणायचा:

ॐ नमः शिवायै नारायण्यै दशहरायै गङ्गायै नमः ।

गंध लावा, दहा फुलं एकेक करून वाहा, धूप दाखवा, कणकेचे दहा दिवे अर्धवर्तुळात लावून ओवाळा. पंखा बंद करायला विसरू नका, आणि दिवे पडद्यापासून लांब. नैवेद्याला फळं पुरतात. आमच्याकडे आमरस-पुरी असते, कारण दशमी जूनच्या मध्यावर आली की पेटीतले शेवटचे आंबे त्या दिवसासाठीच राखलेले असतात. तिळाची दहा मुठी पूजेत ठेवायची पद्धत आहे. आम्ही दहा चिमटी ठेवतो आणि बाकीचे दानाला काढतो. शेवटी भगीरथाला आणि हिमालयाला नमस्कार करा. गंगेबरोबर त्यांचीही पूजा सांगितली आहे. कोणी आणली आणि कुठून आली, दोघांचीही आठवण ठेवलेली मला फार आवडते.

मग वाचन. दशहऱ्यात जगन्नाथ पंडिताची गंगालहरी म्हणायची महाराष्ट्रात जुनी रीत आहे. हा सतराव्या शतकातला कवी, शाहजहानच्या दरबारात मान मिळालेला. काशीच्या घाटावर बसून त्याने एकेक श्लोक म्हटला तशी गंगा एकेक पायरी चढत आली आणि बावन्नाव्या श्लोकाला तिने त्याला पोटात घेतलं, अशी आख्यायिका आहे. रोज पाच श्लोक म्हटले तर नऊ दिवसांत पंचेचाळीस होतात, उरलेले सात दशमीला. सलग म्हणायचे तर अर्धा-पाऊण तास धरा. बहुतेक श्लोक शिखरिणी वृत्तात आहेत. एकदा चाल सापडली की जीभ अडखळत नाही, पण पहिल्या दिवशी अडखळणारच, म्हणून कोणाबरोबर तरी म्हणा. आमच्या सोसायटीत आता सहाजणी गच्चीत जमतो, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. अजिबात जमत नसेल तर वरचा मंत्र एकशे आठ वेळा.

बाणगंगेला जायचं असेल तर

घरची पूजा पूर्णच आहे. पण पायऱ्या, पाणी आणि घाटाचा गारवा एकदा अनुभवावा असं वाटलं तर मुंबईत जागा एकच, वाळकेश्वरची बाणगंगा.

चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला उतरा, वाळकेश्वरकडे जाणारी बेस्ट किंवा टॅक्सी पकडा, तीन बत्तीच्या पुढे उतरून गल्लीतल्या पायऱ्यांनी खाली या. उंच इमारतींमधून उतरता उतरता अचानक चारी बाजूंनी दगडी पायऱ्या असलेलं मोठं तळं समोर येतं. काठावर दीपस्तंभ, लहान लहान देवळं, मठ. सीतेच्या शोधात आलेल्या रामाला तहान लागली, त्याने बाण मारला आणि पाताळातली गंगा वर आली, अशी कथा. तळ्याच्या मधोमध रोवलेला खांब त्या जागेची खूण. रामाने वाळूचं लिंग करून पूजा केली म्हणून वाळुकेश्वर, आणि त्याचं झालं वाळकेश्वर. हे तळं शिलाहार राजांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी ११२७ साली बांधलं असं सांगतात. पोर्तुगीज काळात देऊळ गेलं, ते १७१५ साली राम कामतींनी पुन्हा उभारलं. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि तरी झऱ्याचं पाणी गोडं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बोट बुडवून चाखून बघितलं होतं. तुम्ही मात्र चाखू नका, वापरातलं तळं आहे.

सकाळी सातच्या आत पोचा. पायऱ्यांवर अनवाणी उतरायचं असतं आणि मे-जूनमध्ये नऊनंतर दगड तापून पाय ठेववत नाही. पाण्यालगतच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. वयस्कर माणसांचा हात धरा, मुलांना वरच थांबवा. बुडी मारण्यापेक्षा मार्जन करा, म्हणजे ओंजळीत पाणी घेऊन मस्तकावर शिंपडा. साबण, शाम्पू कदापि नको. दशमीला इथे कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेसारखी दिव्यांची आणि माणसांची दाटी नसते, निवांत बसायला मिळतं. आजूबाजूला लोकांची राहती घरं आहेत, तिथे स्पीकरवर स्तोत्र लावू नका.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तीच सगळ्यांकडून होते. पहिल्या वर्षी मी चंदेरी कागद लावलेल्या द्रोणात दिवा आणि फुलं ठेवून तो तळ्यात सोडला. दिसायला सुंदर दिसत होता. पंधरा दिवसांनी पाहुण्यांना घेऊन परत गेले तर तोच द्रोण कोपऱ्यातल्या पायरीला अडकलेला, फुलं कुजून काळी, कागद तसाच चमकत, आणि बाजूने बदकं फिरत होती. नदीत टाकलेलं निदान डोळ्यांआड जातं, तळ्यात ते तिथेच राहतं. आपण जिला आई म्हणून हात जोडले तिच्याच अंगावर कचरा ठेवून आलो, हे त्या दिवशी मला फार लागलं. त्यानंतर मी पाण्यात काहीही सोडलेलं नाही. दिवा पायरीवर लावते, ओवाळते, शांत झाला की उचलून पिशवीत घालते.

वाहत्या नदीचीच ओढ असेल तर नाशिक. सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने निघून संध्याकाळच्या तपोवनने परतता येतं. नाशिक रोड स्टेशनापासून रामकुंड नऊ-दहा किलोमीटर आहे. तिथली माणसं गोदावरीला सरळ 'गंगा'च म्हणतात. रिक्षावाल्याला "गंगेवर जायचंय" म्हणालात तर तो बरोबर पोचवतो.

मिठी, पोयसर, ओशिवरा, दहिसर या मुंबईच्या स्वतःच्या नद्या. त्यांच्यात ज्येष्ठात स्नानाजोगं पाणी नसतं आणि त्याला कारण आपणच. मी बोरिवलीत राहते. राष्ट्रीय उद्यानाच्या आत दहिसर नदी दगडांवरून निवळशंख वाहते ती पाऊस सुरू झाल्यावर. बाहेर वस्तीत आली की तिच्यात सांडपाणी मिसळतं. मी दशमीनंतर पहिला चांगला पाऊस झाला की उद्यानात जाऊन तिला हळद-कुंकवाशिवाय, नुसता नमस्कार करून येते. मुंबईकरांनी हा एक नमस्कार वाढवावा असं मला मनापासून वाटतं.

दान

दशहऱ्याचं दान म्हणजे उन्हाळ्याचं दान. पाण्याने भरलेला घडा, पंखा, छत्री, पादत्राणं, फळं. मुंबईत माठाचं दान अगदी उपयोगाचं आहे. धारावीच्या कुंभारवाड्यात चांगला माठ मिळतो. टिचकी मारून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. घरी आणून एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि मग सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनबाहेर, झाकणी आणि ओगराळ्यासकट ठेवा. आणि रोज भरायची जबाबदारी कोणाची ते ठरवा. रिकामा माठ ठेवून पुण्य कसलं? आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यांच्या पाळ्या लावल्या आहेत. कुरिअरची मुलं, कचरा नेणारे, भाजीवाल्या, सगळे तिथे थांबतात.

तीळ, तांदूळ, फळं गरजू घरी द्या. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा यांसारखी धरणं आहेत, मुंबईला पाणी तिथून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. तिकडच्या ओळखीच्या कोणाला, एखाद्या शाळेला पाण्याची टाकी किंवा पिंपं देता आली तर गंगेचं याहून मोठं पूजन मला माहीत नाही. आमच्या सहाजणींनी गेल्या दोन दशहऱ्यांत दोन टाक्या दिल्या.

आवरताना

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता वाहून, "पुनरागमनाय च" म्हणून कलश जरा हलवा. कलशातलं थोडं पाणी घरभर शिंपडा, उरलेलं तुळशीला किंवा खालच्या झाडाला घाला. बेसिनमध्ये ओतू नका. तांदूळ खिचडीत वापरा, नारळ फोडून प्रसाद वाटा, नाणं दानात. फुलांच्या निर्माल्यातून दोरा आणि तारा काढा, पाकळ्या कुस्करून कुंडीत माती खाली-वर करून दाबा. महिन्याभरात खत होतं. कुंडी नसेल तर महापालिकेच्या निर्माल्य कलशात, पण पिशवीसकट नाही. कणकेचे दिवे तेल निथळून कुंडीतच घाला.

दुसऱ्या दिवशी एकादशी. ज्येष्ठ अधिक नसेल तर तीच निर्जला एकादशी, पाण्याच्या थेंबाशिवायचा उपास. सुनेने पहिल्या वर्षी हौसेने दोन्ही एकापाठोपाठ केलं आणि दुपारी लोकलच्या गर्दीत तिला चक्कर आली. नवीन असाल तर दशहरा करा, एकादशीला पाणी प्या.

गडू पुन्हा जागेवर ठेवताना कानाशी धरून हलवून बघा. जुन्या झाळीतून पाणी हळूहळू उडून जातं आणि आवाज बंद होतो. तसं झालं असेल तर तो टाकू नका, मोडीत देऊ नका. तांबटाकडे नेऊन झाळ उघडून घ्या, काशीला, हरिद्वारला किंवा नाशिकला जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवून भरून आणा आणि पुन्हा झाळून घ्या.